चेनसॉचा एअर फिल्टर: जाळी राहू दे, आधी कड बघा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या चेनसॉनं नवीनच नखरे सुरू केले. सकाळी थंड असताना दोन ओढीत चालू, पण दहा मिनिटं चालवून बंद केलं की मग गरम मशीन काही केल्या उठायचं नाही, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ. प्लग बदलला, पेट्रोल बदललं, कार्बोरेटर धुतला, फरक शून्य. शेवटी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडं घेऊन गेलो. त्यांनी चालू करून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन नुसतं हवेत लटकवलं आणि ते आपलं दोरीवरनं सरसर खाली आलं, मध्ये कुठं अडकणं नाही, थांबणं नाही. "कॉम्प्रेशन गेलंय की रं ह्याचं," एवढंच म्हणाले, म्हणजे पिस्टन आत हवा दाबून धरतच नव्हता, आणि पाना हातात घेतला.

सिलिंडर काढला, पिस्टन बाहेर आला. मला वाटलेलं टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलात मिसळायचं वंगण, कमी पडून जाम झालं असणार, ओरखडे दिसतील. ओरखडे नव्हतेच. सायलेन्सरच्या बाजूनं पिस्टन जवळजवळ नव्यासारखा, कंपनीत मशीनिंग करताना पडलेल्या बारीक रेघासुद्धा जागेवर. मग मेस्त्रींनी तो फिरवला. कार्बोरेटरच्या बाजूनं रेघा पार गायब, घासून घासून मळकट राखाडी झालेला, बोट फिरवलं तर खालची कड ब्लेडसारखी पातळ लागत होती. "ही धूळ हाय," म्हणाले, "सायलेन्सरकडनं खराब असता तर मी म्हटलो असतो तापलाय. ह्या बाजूनं आत काय येतं? हवाच येती नव्हं?"

मी म्हटलं मामा, फिल्टर तर मी दर आठवड्याला साफ करतो. तर ते म्हणाले, "साफ करतोस रं, पण बसवतोस का नीट?" आणि फिल्टर उलटा करून त्याच्या कडेवर अंगठा फिरवून दाखवला, कडेच्या एका बाजूला लाल मातीचा पट्टा, आणि त्याच रेषेत पुढं कार्बोरेटरच्या तोंडात तसाच लाल पट्टा. म्हणजे धूळ जाळीतनं गेलीच नव्हती, बाजूनं गेली होती. त्यानंतर मी ह्या विषयाच्या जरा मागंच लागलो, त्यातलं जे डोक्यात बसलं ते सांगतो.

आधी हे बघा की हे मशीन हवा किती ओढतं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण आठ ते नऊ हजार लिटर हवा लागते. परत वाचा, लिटरला हजारात हवा. आपण पेट्रोल कापडातनं गाळून घालतो, ऑइलचं माप काटेकोर बघतो, ५०:१ का २५:१ यावर वाद घालतो, आणि ज्या गोष्टीचं माप सगळ्यात मोठं ती गोष्ट मात्र दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. आणि ही हवा ओढली जाते कुठनं तर जिथं चेन सेकंदाला वीसेक मीटरनं लाकूड फाडायलीय आणि भुसा उडायलाय, बरोबर त्याच्या वितभर मागनं. ट्रकच्या मागं गाडी लावून धुरळ्यात श्वास घेतल्यासारखं आहे हे, आणि तेही दिवसभर.

बरं, मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात धूळ आत आली तर ती थेट सिलिंडरच्या वरच्या भागात येते, खालचा क्रँक आणि बेअरिंग ऑइलच्या टाकीत वेगळे असतात. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याचं तसं नाही. हवा आणि पेट्रोलचं मिक्स्चर आधी खाली क्रँककेसमध्ये उतरतं, क्रँकच्या बेअरिंगवरनं आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरनं फिरतं, मग तिथनं वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे एक चिमूट धूळ आत गेली की ती बाहेर पडायच्या आधी घरातल्या प्रत्येक खोलीत हिंडून येते. वंगण म्हणून जे ऑइल असतं ते पण पेट्रोलात मिसळलेलं पातळसं, त्यामुळं धूळ आणि ऑइल मिळून आत पॉलिशची पेस्टच तयार होते म्हणा. पिस्टन अॅल्युमिनियमचा, मऊ. सिलिंडरला चांगल्या मशीनमध्ये आतनं निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामा असतो, त्यामुळं झिजतो तो पिस्टन आणि रिंगा, आणि मालक म्हणतो सिलिंडर तर चांगला दिसतोय मग पॉवर कुठं गेली.

आता धूळ धूळ म्हणतोय पण सगळी धूळ सारखी नसते. ओल्या नीलगिरीचा भुसा म्हणजे मोठे मोठे तुकडे, ते जाळीवर बसतात आणि झटकले की पडतात, त्यांनी फार तर फिल्टर चोंदतो. वाळलेलं बाभळीचं खोड कापा, पीठ उडतं. सागवानाच्या लाकडातच मुळात सिलिका असते, म्हणून तर सागावर चेनची धार लवकर जाते. आणि खरी दुश्मन ती सालीवर बसलेली माती. आमचं रान पन्हाळ्याच्या बाजूला, तिकडं जांभ्याची लाल माती, रस्त्याकडंच्या झाडाच्या बुंध्यावर हात लावला तर हात लाल होतो. झाड बुडातनं कापायचं म्हणजे चेन आधी ती माती खाणार, मग लाकूड. एका मित्रानं माझं मशीन शिरोलीला एका फौंड्रीच्या आवारातलं वाळलेलं झाड पाडायला नेलेलं, आणि फौंड्रीचं आवार म्हणजे सगळीकडं मोल्डिंगची वाळू. ती वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोहच्या कडकपणाच्या पट्टीवर ७, काच साडेपाचच्या आसपास आणि अॅल्युमिनियम तीनच्याही खाली. तेव्हा मी हौसेनं दिलं होतं मशीन, आता देणार नाही, मित्र असला तरी.

फिल्टरचे प्रकार बाजारात तीन-चार दिसतात. सगळ्यात कॉमन म्हणजे नायलॉनची जाळी, कधी तिच्यावर मखमलीसारखे बारीक तंतू चिकटवलेले असतात. जाळीची भोकं किती बारीक ते मायक्रॉनमध्ये मोजतात, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७०. जाळ्या ८० मायक्रॉनच्या मिळतात, ४४च्या मिळतात. दुसरा प्रकार फेल्टचा, जाडसर नमद्यासारखा, बारीक धूळ चांगली धरतो पण भुसा त्यात रुतून बसतो आणि धुवायला त्रास. तिसरा स्पंज, त्याला तेल लावून वापरायचा. तालमीत लाल मातीत तेल आणि ताक घालतात, माती दबून बसावी, पैलवानाच्या नाकातोंडात उडू नये म्हणून, तीच आयडिया, तेलाला धूळ चिकटून बसते. कोरडा स्पंज लावून मशीन चालवणारे बघितलेत मी, तो फिल्टर नाही, ती नुसती उशी. आणि चौथा घड्यांचा, कागदाचा किंवा कागदासारख्या कापडाचा, म्हणजे स्टिल कंपनीचा एचडी२ नावाचा आहे तो पॉलिथिलिनचा, घड्या पाडलेला आणि धुता येणारा. घड्यांचा फायदा काय तर तेवढ्याच डबीत कापड कितीतरी जास्त मावतं, नऊवारीच्या निऱ्यांसारखं, त्यामुळं भोकं बारीक असली तरी मशीनचा श्वास कोंडत नाही.

इथं एक प्रश्न पडतो की ४४ मायक्रॉनच्या जाळीतनं १० मायक्रॉनचा कण आरपार जाणार ना? काही जातात, सगळे नाही. फिल्टर म्हणजे निव्वळ रव्याची चाळण नव्हे. हवा तंतूला वळसा घालून जाते, जड कणाला तेवढं पटकन वळता येत नाही, तो तंतूवर जाऊन आपटतो आणि तिथंच चिकटतो. आणि एकदा थोडी धूळ बसली की तिचाच एक थर होतो, आणि तो थर जाळीपेक्षा बारीक चाळणीचं काम करतो. म्हणून गंमत अशी की कोरा करकरीत फिल्टर पहिल्या काही मिनिटांत जास्त धूळ सोडतो आणि थोडा मळलेला कमी. फिल्टर तपासायची जी पद्धत आहे, आयएसओ ५०११, तिच्यातही म्हणून सुरुवातीची कार्यक्षमता वेगळी मोजतात आणि फिल्टर भरत आल्यावरची वेगळी. त्यासाठी धूळ पण ठरलेली असते बरं का, कुठलीही उचलून टाकायची नाही, दळून चाळून प्रतवारी लावलेली मिळते. सांगायचा मुद्दा, दर तासाला फिल्टर काढून ब्रशनं खसाखसा घासणारे स्वतःचंच नुकसान करतात.

मग किती साफ पुरे? मी बघतो ते असं: फुल रेस दिल्यावर आवाज दबलेला वाटला, पिकअप कमी झाला, धूर वाढला, की साफ करायचा. नाहीतर दिवसाच्या शेवटी एकदा.

आता मेन गोष्ट. कड.

एक साधा हिशोब करू, आकडे मी समजायला धरलेत. समजा फिल्टर १०० कणांतले ९८ पकडतो, २ आत जातात. आता कडेला फट आहे आणि १०० भाग हवेतली ५ भाग हवा त्या फटीतनं, न गाळता, आत जाते. तर ५ कण थेट आत आले, उरलेल्या ९५ मधले जवळपास २ जाळीतनं आले, एकूण ७. म्हणजे धूळ साडेतीन पट झाली. आता तुम्ही म्हणाल महागातला फिल्टर घालू, ९९.५ पकडणारा. घाला. ५ थेट आले, अर्धा जाळीतनं, एकूण साडेपाच. पैसे गेले आणि धूळ फारशी कमी नाही. माळवदाला भोक पडलंय आणि आपण खिडकीला नवीन पडदा लावतोय असा प्रकार.

आणि ५ भाग म्हणजे फार मोठी फट असावी लागते असं वाटतं ना? फिल्टरच्या कडेचा घेर समजा २० सेंटीमीटर. त्यात चारीकडं दोन कागदांच्या जाडीएवढी म्हणजे ०.२ मिलिमीटर फट राहिली तर तिचं क्षेत्रफळ होतं ४० चौरस मिलिमीटर, म्हणजे ७ मिलिमीटरचं ड्रिल घेऊन फिल्टरला भोक पाडल्यागत. कार्बोरेटरचा गळा अशा मशीनमध्ये १५ मिलिमीटरच्या आसपास, त्याच्या जवळपास पाव भाग! फट घेराच्या पाव भागातच असली तरी साडेतीन मिलिमीटरचं भोक झालं. जाळीला तेवढं भोक दिसलं तर आपण फिल्टर फेकून देतो, कडेची फट मात्र दिसत नाही म्हणून चालवतो.

ह्याच्यावर अजून एक कडी आहे. हवेला सोपी वाट लागते. फिल्टर स्वच्छ आहे तोवर जाळी सोपी आणि फट अवघड, त्यामुळं फटीतनं कमी जाते. फिल्टर चोंदला की मशीन तर तेवढ्याच जोरात ओढणार, आता जाळी अवघड आणि फट सोपी. म्हणजे घाण फिल्टर चांगला पकडतो हे जे मी वर म्हटलं ते कड घट्ट असेल तरच. कड ढिली असेल तर घाण फिल्टर हाच सगळ्यात वाईट, आणि माझ्या पिस्टनचं तेच झालेलं.

कड ढिली पडते कशानं? रबर कडक होतं, उन्हात टपावर पडलेल्या मशीनचं तर लवकरच. प्लास्टिकचा सांगाडा वाकतो. दोन अर्ध्या वाट्या एकमेकांत बसवलेला फिल्टर असेल तर तो स्क्रूड्रायव्हरनं उचकटून उचकटून मधला सांधा उघडा पडतो, माझा तसाच होता. वरचा नॉब पूर्ण न आवळणे, हे तर आपल्याकडं रोजचं. कडेवर भुशाचा एक तुकडा असताना तसाच फिल्टर दाबून बसवणे. आणि डुप्लिकेट फिल्टर, जो बसतो, पण बसल्यासारखा बसतो. मी जो आणलेला तो एका दुकानातनं निम्म्या किमतीत, दुकानदार म्हणाला सेमच आहे साहेब, मेस्त्रींनी जुना ओरिजिनल आणि हा शेजारी शेजारी काचेवर पालथे ठेवले, नवा पत्त्याच्या डावासारखा डुगडुगत होता.

तपासायच्या पद्धती फुकटच्या आहेत. पहिली, फिल्टर काढायच्या आधी चोकची झडप मिटवून कार्बोरेटरचं तोंड बंद करायचं आणि कव्हरच्या आजूबाजूचा भुसा ब्रशनं झाडून घ्यायचा, नाहीतर फिल्टर उचलला की सगळा भुसा थेट कार्बोरेटरच्या तोंडात. फिल्टर काढला की पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिल्टरच्या आतल्या बाजूनं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर फिरवा. तेलकट डाग आला तर घाबरू नका, टू-स्ट्रोक इंजिन थोडं मिक्स्चर उलटं थुंकतंच, फिल्टर आतनं तेलकट असणं नॉर्मल आहे. पण त्या तेलात कचकच लागली, बोटं चोळल्यावर वाळू जाणवली, तर धूळ आत चाललीय. दुसरी, जाळी सूर्याकडं धरून बघा, सुईएवढं भोकसुद्धा ताऱ्यासारखं चमकतं. तिसरी मेस्त्रींची, आणि मला सगळ्यात आवडलेली: कडेला सगळीकडं ग्रीसचं एकदम पातळ बोट फिरवायचं, फिल्टर बसवायचा, अर्धा दिवस काम करायचं, मग काढून बघायचं. ग्रीसवर पूर्ण घेर एकसारखा दाबलेला ठसा उमटला असेल तर कड बसतेय. कुठं ठसा तुटलाय, किंवा बाहेरनं आत जाणारी धुळीची शेपटी दिसतेय, तिथं फट. बोट दाखवून सांगतं ते ग्रीस.

धुताना कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, बास. पेट्रोलनं धुणारे खूप, त्यानं चिकटवलेले सांधे सुटतात आणि बिडी ओढत धुणारा असेल तर अजून बरंच काय काय सुटतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा जवळनं मारू नका, मारायचीच तर लांबनं आणि आतनं बाहेर. बाहेरनं मारली की धूळ जाळीत अजून घट्ट रुतते आणि मखमली तंतू उपटून निघतात. आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, म्हणून दोन फिल्टर असलेले बरे, एक मशीनवर, एक दोरीवर. स्पंजवाला असेल तर वाळल्यावर परत तेल.

कार्बोरेटरचा एक घोळ इथंच सांगतो कारण ह्यात मशीनं मरतात. फिल्टर चोंदला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मशीन गुदमरतं, काळा धूर. मग कोणतरी हुशार माणूस कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा, आवळून पेट्रोल कमी करतो, मशीन एकदम मस्त पळायला लागतं. आठवड्यानं फिल्टर धुतला. आता हवा पूर्ण, पेट्रोल मात्र कमी केलेलं, आणि ह्या इंजिनाला पेट्रोलातनंच ऑइल मिळतं हे विसरू नका. तापलं, पिस्टन जाम धरला, संपलं. बऱ्याच चांगल्या मशीनमध्ये कार्बोरेटरला फिल्टरच्या आतल्या बाजूनं एक छोटी वाट दिलेली असते, फिल्टर चोंदेल तसं पेट्रोलही आपोआप कमी होतं, पण ती असो नसो, स्क्रूला हात लावायच्या आधी फिल्टर स्वच्छ पाहिजे.

आणि 'एअर लीक' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात त्यानं गोंधळ होतो. कार्बोरेटरच्या आधी गळती म्हणजे फिल्टरची कड, त्यानं धूळ आत येते, मशीन मात्र चांगलं चालतं, म्हणूनच कळत नाही. कार्बोरेटरच्या पुढं गळती, म्हणजे इनटेकचा रबर किंवा क्रँकचं ऑइल सील, तिथनं जादा हवा आत येते, मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आयडलला मशीन आपोआप रेस घेतं आणि पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं धरतो. पहिली गळती महिनोन् महिने खाते, दुसरी एका दुपारीत.

काही कंपन्या धूळ फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच बाजूला काढतात, हस्क्वार्नाचं एअर इंजेक्शन म्हणतात ते तसंच. फ्लायव्हीलचा पंखा हवा गरागरा फिरवतो, जड भुसा बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि फिल्टरला जाणारी हवा आतल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ भागातनं घेतात. मस्त आयडिया आहे, फिल्टर बराच वेळ साफ राहतो. पण फेकला जातो तो जड भुसा, पीठ आणि माती बरीचशी येतेच, म्हणजे कडेचं काम काही सुटत नाही. जाता जाता, काही मशीनवर फिल्टरजवळ सूर्य आणि बर्फाच्या फुलाचं चित्र असलेली पट्टी असते, ती थंडीत सिलिंडरची गरम हवा आत घ्यायला. आपल्याकडं ती बारा महिने सूर्यावरच. डिसेंबरात पहाटे आमच्याकडं कुडकुडायला होतं हे खरं, पण बर्फ नाही पडत वो.

माझ्या मशीनला नवा पिस्टन, रिंगा आणि ओरिजिनल फिल्टर घालून आणलं. पहिल्याच दिवशी ग्रीसची टेस्ट केली. पूर्ण घेर ठसा एकदम भारी, फक्त नॉबच्या खाली इंचभर जागेत फिकट, आणि तिथनं एक बारीक लाल शेपटी आत आलेली. परत उद्यमनगर. मेस्त्रींनी फिल्टरकडं बघितलंसुद्धा नाही, नॉब ज्या बोल्टवर आवळतो तो बोल्ट हलवून बघितला, तो किंचित वाकलेला. मशीन कधीतरी ट्रॉलीतनं पडलं असणार. त्यांनी तो काढला, ऐरणीवर ठेवून दोन टोले दिले, काचेवर लोळवून सरळ झालाय का बघितला आणि परत बसवला. शेपटी गेली.